त्रिलोकनाथजींचा तांब्या

१२ एप्रिल १९९९, सोमवार. दुपारी ३.

आज महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये आमच्या चिटणीस चंद्राबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की, बाई सकाळी एक बोलतात नि सांजच्याला दुसरं, मग मी रजिस्टरात लिहायचं काय? बाई म्हणजे मी, मंडळाची अध्यक्ष. त्यावर बत्तीस सभासदांपैकी एकही हसली नाही असं लिहिणार होते, पण ही वही खरं लिहिण्यासाठी आहे. सगळ्या हसल्या.

म्हणून ही रोजनिशी लिहिणं भाग पडलं. यापुढे माझं प्रत्येक मत तारीख आणि वेळ घालून इथे लिहिलं जाईल, म्हणजे ते मी कधीही बदलत नाही हे कागदावर राहील. मी १९६२ सालची बी. ए. आहे. अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून वीस वर्षं मी लोकांच्या वह्या तपासल्या. आता माझी वही माझ्यासाठी. ऑफिसातली उरलेली भेट-नोंदवही आहे. ‘आढळलेल्या त्रुटी’ हा रकाना रिकामा राहील, त्यात लेखणी पुसता येईल.

पहिलं मत, ३.१० वाजता: त्रिलोकनाथजींना माझा पाठिंबा होता, आहे आणि राहील.

१३ एप्रिल. सकाळी ९.

कारणं लिहून ठेवते.

१९७८ च्या मे महिन्यात दिल्लीचे मोठे पुढारी त्रिलोकनाथजी किन्हवलीच्या सभेला निघाले होते. आमच्या दारासमोर त्यांची अँबॅसिडर तापली आणि थांबली. मी आतून पितळी तांब्या भरून बाहेर आणून दिला. दोन घोट प्यायले. तिसरा घेतला की नाही याबद्दल दुमत असू शकेल, दोन मी स्वतः ऐकले. मग म्हणाले, इस गाँव को पानी मिलेगा.

धरणाची भिंत आमच्या टेकडीवरून दिसते. पाणी मुंबईला जातं. आमच्या हातपंपाला होळीनंतर गढूळ येतं आणि एप्रिलात तेही दमानं. एकवीस वर्षं झाली. पण देश चालवणाऱ्या माणसाला इतर कामं असतात.

तांब्या तेव्हापासून शोकेसमध्ये आहे. त्यावर मी फेविकॉलने चिठ्ठी लावली आहे: ‘या तांब्यातून मा. त्रिलोकनाथजींनी जलप्राशन केले.’ मंडळाच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे, तोही मीच लावला. ह्यांना, म्हणजे आमच्या मिस्टरांना, यातलं काही नको असतं. भातसानगरला धरणाच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काढली, पाण्याचा विषय निघाला की पेपर वर करतात.

१५ एप्रिल. दुपारी १.१५.

काल बौद्धवाडीत जयंतीच्या कार्यक्रमात चंद्राबाई पंधरा मिनिटं बोलल्या म्हणे, आणि कोणी उठलं नाही. ऐकून समाधान वाटलं. माझ्या हाताखाली तयार झालेल्या आहेत.

आजच्या पेपरात बातमी. त्रिलोकनाथजी दिल्लीत म्हणाले की धरणाशेजारी राहणाऱ्यांनी पाण्यासाठी रडगाणं बंद करावं, शहरं जगली तर देश जगेल. शेजारी त्यांचा हसरा फोटो. मंडळातली देवकी हातपंपावरून थेट आमच्या ओट्यावर आली. कमरेवर हंडा, अर्धाच भरलेला. हंडा खाली न ठेवता म्हणाली, तुमच्या मानसानं काय सांगितलंन ते वाचा जरा मोठ्यानं.

मत: असं ते बोलणं शक्य नाही. पेपरवाल्यांचा बनाव आहे. देवकीला तसं सांगितलं. ती म्हणाली, मंग फोटू पन पेपरवाल्यानीच हसवला काय?

१६ एप्रिल. सकाळी १०.

त्रिलोकनाथजींनी जाहीर केलं की होय, मी तसं बोललो आणि त्याचा मला अभिमान आहे.

मत: बरोबरच आहे. मी पहिल्यापासून म्हणते की आपण पाणी जास्त वापरतो. आजपासून मी अर्ध्या बादलीत आंघोळ करणार. सूनबाईला, नम्रताला, हे बजावून सांगितलं.

१०.४०. अर्ध्या बादलीत केसांचा साबण निघत नाही. केस हा अपवाद.

१०.५५. पाय हाही.

१८ एप्रिल. संध्याकाळी ५.

त्रिलोकनाथजींचा खुलासा आला. ते दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या एका धरणाबद्दल बोलत होते.

मत: मला हेच वाटत होतं. हातपंपावर जाऊन रांगेतल्या सगळ्यांना हे समजावून सांगितलं. देवकी म्हणाली की त्या धरनाच्या बायांनी त्याचं काय घोडं मारलंय? या प्रश्नाचं उत्तर खुलाशात नव्हतं. रांगेतून परत येताना मला कोणी जागा दिली नाही, पण मी भांडं नेलं नव्हतं, त्यामुळे जागेची गरजही नव्हती.

२० एप्रिल. दुपारी ४.

आज विशेष मीटिंग. विषय एकच: त्रिलोकनाथजींना मंडळाचा पाठिंबा चालू ठेवायचा की नाही.

मी पंचवीस मिनिटं बोलले. माझ्या बाजूने तीन हात वर झाले. त्यातला एक पदर सारखा करणारा होता, हे चंद्राबाईंनी नंतर चौकशी करून नोंदवलं. राहिले दोन, त्यात माझा एक. दुसरा नम्रताचा असावा असं मी धरून चालले आहे. तिने सांगितलं की ती माशी हाकलत होती.

मी ठराव अधिक विचारासाठी पुढे ढकलला. तेव्हा चंद्राबाई उभ्या राहिल्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, हीच त्यांची अडचण आहे. त्यांनी मांडलं की पेपरातलं रोज बदलतंय, बाईंचंही बदलतंय, तर आमी त्रिलोकनाथजींनाच तोंडावर विचारू. पाणी कधी देनार, एवढंच. उत्तर मिळालं तर फोटो राहील. नाय मिळालं तर फोटो उतरवायचा, आणि बाईंनी खुर्ची सोडायची.

मी तत्काळ मान्य केलं. लेखी. एवढा मोठा माणूस आमच्या मंडळाला तोंडावर कुठे भेटणार आहे?

शेरा: आजची मीटिंग माझ्या बाजूने झाली.

२४ एप्रिल. सकाळी ११.

त्रिलोकनाथजी येत आहेत. ९ मे, मुरबाड, मैदानावर जाहीर सभा.

पक्षाचे तालुक्याचे कार्यकर्ते सदानंद स्कूटरवरून सांगायला आले. त्यांना एक ट्रक भरून बायका हव्या आहेत. मी त्यांना शोकेससमोर नेलं. चिठ्ठी वाचून ते खुर्चीवर बसलेच. म्हणाले, बाई, एकवीस वर्षांनी त्याच तांब्यातून त्याच हातांनी स्टेजवर पाणी द्या, दोन मिनिटं तुमची, फोटोवाले मी सांगतो.

मी चाळीस बायकांचा शब्द दिला.

चंद्राबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, लांब जावं लागलं नाय.

२७ एप्रिल. दुपारी २.

दोन मिनिटांचं भाषण तयार केलं. हिंदीत. वाचायला अकरा मिनिटं लागतात. काटछाट करून चौदा झाली. ह्यांच्यासमोर म्हणून दाखवलं. शेवटी डोळे मिटून ऐकत होते. नम्रता म्हणते घोरत होते. गंभीर ऐकणारा माणूस असा आवाज करतो.

३० एप्रिल. संध्याकाळी ६.

आज घरोघर फिरले. मन वळवायची पूर्ण तयारी केली होती, मुद्देही लिहून नेले होते. एकही मुद्दा लागला नाही. सगळ्या जणी यायला तयार. देवकीने तर सांगितलं की प्रत्येक बाई घरचा हंडा घेऊन येनार, आमी ठरवलंय.

मला भरून आलं. कोणी न सांगता कलश घेऊन स्वागताची कल्पना यांना सुचली. याला म्हणतात संस्कार. मी म्हटलं हंडे चिंचेने घासून घ्या. तिने विचारलं, आतून का भाईरून? मी सांगितलं, दोन्हीकडून. वर आंब्याची पानं आणि नारळ ठेवा. ती म्हणाली, नारल बसायला खाली पानी पायजे ना, बाई.

ते खरं आहे. शिवाय भरलेले हंडे ट्रकमध्ये हिंदकळतील आणि साड्या भिजतील. म्हणून मी सूचना केली की हंडे रिकामेच आणावेत. सगळ्यांनी एका आवाजात हो म्हटलं. वीस वर्षांच्या नोकरीत माझी सूचना इतक्या पटकन कोणी ऐकली नव्हती.

शेरा: बायकांचं मत पूर्ण फिरलं आहे. माझ्या घरभेटींचा परिणाम.

२ मे. दुपारी १२.

चंद्राबाई समाजमंदिराच्या ओट्यावर कापडी फलक रंगवत होत्या. मी गेले तशी त्यांनी अर्धा गुंडाळला. म्हणाल्या रंग ओला हाय, धूळ बसेल. त्यांनी विचारलं, एकवीस आकड्यात लिहू का अक्षरात? मी सांगितलं, आकड्यात. लांबून दिसतं.

एकवीस ही संख्या शुभ असते. एकवीस सुवासिनी पुढे काढणार असतील. नाव कोणाचं पुढे, हे विचारलं नाही. पहिली मीच.

४ मे. दुपारी ४.

आज वाईट अनुभव. तरीही लिहिते.

मंगळू ट्रकवाला आला होता, वेळ ठरवायला. पूर्वी दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर होता, आता स्वतःचा ट्रक आहे, विटा वाहतो. त्याला मी सांगितलं की ट्रक धुऊन आण. त्याची नजर शोकेसकडे गेली. म्हणाला, ह्यो तांब्या मना म्हाईत हाय.

मी अभिमानाने चिठ्ठी दाखवली. त्याने ती सावकाश वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाला, बाई, ते पानी त गाडी प्यायली.

म्हणे त्या दिवशी तो रस्त्यावर होता, बॉनेट त्यानेच फडकं धरून उघडलं. मी तांब्या त्याच्या हातात दिला आणि त्याने तो रेडिएटरमध्ये ओतला. साहेब मागच्या सीटवर तोंडावर टॉवेल टाकून निजले होते. पानी मिलेगा हे ड्रायव्हर बोलला होता, आणि तेही पुढे ‘क्या’ लावून.

मी त्याला सांगितलं की तेव्हा तू वीस वर्षांचा होतास आणि त्या वयात माणसाचं लक्ष नसतं. तो म्हणाला, असंल. चहा पिऊन गेला.

५.३०. ह्यांना विचारलं. ते त्या दिवशी धरणावर ड्यूटीला होते, म्हणजे साक्षीदार नाहीत. तरी पेपर खाली केला आणि म्हणाले की त्या संध्याकाळी तू मला सांगितलंस, एका गाडीला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी सांगितलंस, गाडीतल्या साहेबांना दिलं. रविवारपर्यंत साहेब दोन घोट प्यायले होते.

निवृत्तीनंतर माणसाची स्मरणशक्ती जाते. ह्यांना बदाम भिजवून द्यायला नम्रताला सांगितलं.

मत, ५.४५: दोन घोट मी स्वतः ऐकले. गटगट असा आवाज होता.

८ मे. संध्याकाळी ७.

तयारी पूर्ण. पेपरात त्रिलोकनाथजी म्हणतात की आपण स्वतः कोरड्या गावचे पुत्र आहोत आणि तहान काय असते ते आपल्याला विचारा. मत: मी पहिल्यापासून हेच सांगत होते.

तांब्या पावडरने घासला, चिठ्ठी सांभाळून. नम्रता दोन तास रांगेत उभी राहिली तेव्हा एक हंडा मिळाला. त्यातलं पाणी तिहेरी फडक्यातून गाळलं, उकळलं, निववलं, पुन्हा गाळलं. उरलं ते बरोबर तांब्याभर. घरातल्या पिण्याचं काय, असं नम्रताने विचारलं. एक दिवस देशासाठी काढता येतो. हे शेजारी जाऊन पाणी पिऊन आले.

उद्या या वहीत फक्त एक ओळ लिहिणार: दिला.

९ मे, रविवार. सकाळी ६.४५.

ट्रक आला. धुतलेला नाही. अडतीस बायका, अडतीस हंडे. सगळे लख्ख. मी पुढे, केबिनमध्ये, मांडीवर तांब्या, वर भरतकामाचा रुमाल. मंगळूने तांब्याकडे पाहिलं आणि गाडी जरा जपून चालवली. एवढं श्रेय त्याला देते.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५.३०. सरळगाव सोडून पुढच्या चढावर, आंब्याखाली.

ट्रक उभा आहे. वेळ आहे, म्हणून लिहिते.

मैदानावर आम्ही अकराला पोचलो. मी सदानंदांना म्हटलं, पाहा, स्वागतासाठी कलश आणले आहेत. ते खूश झाले. आम्हाला अगदी पुढे बसवलं, दोरीच्या आत. मग चंद्राबाई आणि देवकी यांनी फलक उलगडला. त्यावर एकवीस सुवासिनी नव्हत्या. ‘२१ वर्षं झाली. पाणी कधी?’ एवढंच होतं. आकडा लांबून स्पष्ट दिसत होता.

सदानंदांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सांगितलं की हा एक प्रकारे स्वागताचाच प्रश्न आहे. ते म्हणाले, बाई, हंडे रिकामे का आहेत? मी खरं ते सांगितलं. माझीच सूचना होती.

दोन वाजेपर्यंत ऊन खाल्लं. हेलिकॉप्टर आलं. मैदानावर एक फेरी मारली. मी तांब्या दोन्ही हातांनी वर धरला. हेलिकॉप्टरने दुसरी फेरी मारली आणि नाशिकच्या दिशेने गेलं. माइकवरून सांगण्यात आलं की त्रिलोकनाथजींना तातडीच्या कामामुळे उतरता येत नाही, त्यांनी वरूनच जनतेला नमस्कार केला आहे.

मग देवकीने हंड्यावर पहिली थाप मारली. अडतीस हंडे रिकामे असले की केवढा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. घोषणा चालू झाल्या. मी शांत करण्यासाठी पुढे जाऊन तांब्या उंच धरून हलवला. त्याने आवाज वाढला. फोटोवाल्यांनी, ज्यांना सदानंदांनी खास सांगून ठेवलं होतं, बरेच फोटो काढले.

परतताना मागे सगळ्या गात होत्या. माझ्याशी कोणी कडू बोललं नाही. चंद्राबाईंनी केबिनच्या खिडकीतून मला अर्धी भाकरी आणि ठेचा दिला. प्रश्न तोंडावर विचारायचा होता, तोंड दिसलं नाही, असं त्या म्हणाल्या. मी भाकरी खाल्ली. तांब्या भरलेला होता आणि मला तहान लागली होती, पण ते पाणी माझं नव्हतं.

मग इथे ट्रकने धूर सोडला. मंगळू उतरला, फडकं धरून बॉनेट उघडलं. वाफेचा लोट. म्हणाला, पानी पायजे.

अडतीस हंडे होते. सगळ्या जणी खाली उतरून आपापल्या हंड्यात बघू लागल्या, उगाच. विहीर जवळ नाही. मग हळूहळू सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. देवकीनेसुद्धा.

मंगळूने हात पुढे केला. काळा, ऑइलचा हात, अंगठ्याच्या नखावर जुना चिरा. मी तांब्या दिला. रुमाल बाजूला काढून दिला.

गटगट आवाज झाला. दोन घोट. मी आवाज ओळखला. मग तिसराही.

१० मे. सकाळी ९.

पेपरात दुसऱ्या पानावर फोटो. मी, तांब्या वर, तोंड उघडं, मागे हंडे. खाली छापलंय: ‘पाण्यासाठी मुरबाडच्या सभेवर धडकलेल्या हंडा मोर्चाचे नेतृत्व करताना शहापूर तालुक्यातील ज्येष्ठ कार्यकर्त्या.’

मत, ९.०५: त्रिलोकनाथजींना माझा पहिल्यापासून विरोध होता. हे सिद्ध करण्यासाठी ही वही चाळली. वही माझ्या बाजूने नाही. ती ट्रंकेत तळाशी, लोकरीच्या कपड्यांखाली ठेवायचं ठरवलं.

११.००. हे म्हणाले, फोटो चांगला आलाय. पेपर खाली करून म्हणाले. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात असं दुसऱ्यांदा.

१२ मे, बुधवार. दुपारी ४.

ठरल्याप्रमाणे मीटिंग. उत्तर मिळालेलं नाही, म्हणून फोटो उतरवला. बायका म्हणाल्या की मोर्चा बाईंनीच काढला, बाईच राहूदेत. मला तेच वाटत होतं आणि मी तसं बोलायला उभीही राहिले. पण समोर रजिस्टर होतं, त्यात माझी लेखी सही होती, आणि चंद्राबाई नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, सकाळी जे बोलले होते तेच संध्याकाळी बोलते. खुर्ची सोडली. नवीन अध्यक्ष चंद्राबाई. आवाज न चढवता निवडून आल्या.

रीतसर चार्ज दिला. नोंद:

चंद्राबाई यांच्याकडे: मंडळाचा शिक्का, एक. रजिस्टरं, तीन. सतरंज्या, दोन, पैकी एक फाटकी. खुर्ची, एक. मा. त्रिलोकनाथजींचा फोटो, फ्रेमसह. फ्रेम त्यांनी ठेवून घेतली, फोटो मला परत केला.

मंगळू यांच्याकडे: पितळी तांब्या, एक. ट्रकमध्ये कायम ठेवण्यासाठी. चिठ्ठीसह, कारण ती निघत नाही.

देणार: माझी सही.
घेणार: मंगळूची सही. खाली त्याने स्वतःहून लिहिलं आहे, ‘रिकामा मिळाला.’